दरडोई उत्पन्नात गोवा वरती, मग आमची पोरं नोकरीसाठी का फिरतायत?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. बजेटचे दिवस आले की आमच्याकडच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते, दरडोई उत्पन्नात गोवा देशात पहिल्या एक-दोन नंबरात, कधी सिक्कीम वर कधी आपण. आणि केंद्राचं श्रमबल सर्वेक्षण आलं की दुसरी बातमी, बेकारीत पण आपण वरतीच. २०२२-२३ ला गोव्याचा बेकारीचा दर ९.७ टक्के, पुढच्या वर्षी ८.५, आणि देशाचा दोन्ही वर्षी ३.२. म्हणजे जवळजवळ तिप्पट. राज्य केवढं, तर ३७०२ चौरस किलोमीटर, पुणे जिल्ह्याचा चौथा हिस्सा, २०११ च्या जनगणनेला साडेचौदा लाख माणसं. एवढ्याशा जागेत एवढा पैसा आणि एवढी बेकारी एकत्र कशी नांदते हे मला खरंच समजून घ्यायचंय.

माझं मत आधी सांगतो. दरडोई म्हणजे राज्यात जे काही तयार झालं त्याला डोक्यांनी भागलं, बस. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा नफा, पंचतारांकित हॉटेलचा नफा, खाणीचा नफा हे सगळं गोव्याच्या नावावर मोजलं जातं आणि मुंबई-दिल्लीला हेड ऑफिसला जातं. इथे राहतो तो फक्त पगार आणि थोडा टॅक्स, आणि तो पगारच कमी.

आमचं गाव डिचोली तालुक्यात, म्हणजे खाणपट्टा. २००८ च्या आसपास चीनला लोहखनिजाचा माल धडाधड जायला लागला, आपला माल तसा कमी प्रतीचा पण त्यांना तो चालायचा, २०१०-११ ला तर वर्षाला पाच कोटी टनांच्या वर निर्यात झाली. ज्याच्या अंगणात जागा त्याने टिपर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक घेतला, आमच्या बाबांनी पण घेतला, बँकेचं कर्ज काढून. जितक्या ट्रिपा तितके पैसे, म्हणून साखळीपासून उसगावपर्यंत नुसती टिपरची रांग, शाळेच्या पोरांना रस्ता ओलांडता येत नव्हता, घरांवर लाल धूळ, विहिरी खाली गेल्या, शेतात गाळ भरला. बारावी झाली की पोरगा टिपरवर चढायचा कारण कॉलेज करून मिळणाऱ्या पगारापेक्षा ते पैसे जास्त होते.

मग २०१२ उजाडलं. सप्टेंबरात बेकायदा खाणींवरचा शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, सुमारे ३५ हजार कोटींचं नुकसान म्हणून, राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली. २०१४ ला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली, ८८ लीजांचं नूतनीकरण झालं, ते २०१८ च्या फेब्रुवारीत कोर्टाने रद्द केलं आणि १६ मार्चपासून परत सगळं ठप्प. आमचा टिपर अंगणात उभा होता तो उभाच राहिला, टायर बसले, पावसात चाकांतून वेल केबिनपर्यंत चढली, डॅशबोर्डवरचा गणपती काढून आईने देवघरात ठेवला. सरकारच्या कर्जसवलत योजनेतून बँकेचं थोडं मिटलं, बाकीचं आम्ही काजूची जमीन विकून भागवलं आणि गाडी शेवटी भंगारवाल्याने वजनावर नेली.

आता २०२२ पासून खाणींच्या ब्लॉकचे लिलाव झाले, २०२४ ला डिचोलीचा ब्लॉक सुरू पण झाला. लोकांना वाटलं जुने दिवस येणार. पण आता मशीन मोठी, गाड्या मोठ्या, माणसं थोडी. जी पोरं २०१२ ला वीसची होती ती आता पस्तिशीत आहेत, हातात ड्रायव्हिंग लायसन सोडून काही नाय. त्यांचं काय करायचं आणि जी आता विशीत आहेत त्यांनी काय करायचं, यावर बोलूया. कृपया पार्टीचं राजकारण नको.

फोंड्याची_सुलभा

खूप बरं झालं हा विषय काढलात दादा. आमच्या फोंड्यात खाण नाही पण घरोघरी तीच कहाणी वेगळ्या तऱ्हेने चालू आहे. माझी मुलगी बीएस्सी केमिस्ट्री, चांगल्या मार्कांनी पास, आणि आता कर्मचारी भरती आयोगाच्या परीक्षा देत बसलीय. एलडीसीच्या, म्हणजे क्लार्कच्या थोड्या जागा आणि अर्ज हजारोंनी. मी तिला म्हणते प्रायव्हेटला बघ, तर ती विचारते, आई, प्रायव्हेटला १५ हजार आणि सरकारी क्लार्कला सुरुवातीलाच हातात ३० च्या वर, वर पेन्शन नसली तरी पीएफसारखं काहीतरी, बाळंतपणाची रजा, घराजवळ पोस्टिंग, मग मी कुठे जाऊ सांग. याला मी काय उत्तर देणार.

आणि हीच भूक ओळखून लोकांनी लुबाडलं ना. २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास ती पैसे घेऊन नोकरी देतो म्हणणारी प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, पोलिसांनी अटका केल्या, रोज पेपरात नवीन नाव. आमच्या ओळखीच्या एका घराने मंगळसूत्र सोडून सगळं सोनं गहाण टाकलं होतं. मला त्या लोकांचा राग येत नाही, वाईट वाटतं, कारण पिढ्यानपिढ्या त्यांना हेच दिसलंय की आमदाराच्या दारात उभं राहिलं की नोकरी लागते, मग कोणी पाच-दहा लाख मागितले तर ती त्यांना चोरी वाटतच नाही, फी वाटते. निदान आयोगाची परीक्षा आली हे चांगलं झालं, कॉम्प्युटरवर होते, मार्क तिथल्या तिथे दिसतात. मुलगी म्हणते नापास झाले तरी माझ्या मार्कांनी झाले.

शिफ्ट_जनरल

मी वेर्ण्याला एका औषध कंपनीत प्रॉडक्शनला आहे, नाव सांगणार नाही. गोव्यात औषधांचे कारखाने का आले हे आधी सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं ते असेच आले. नव्वदच्या दशकात गोव्याला मागास भागाची करसवलत लागू झाली, तेव्हा वेर्णा, कुंडई, पिळर्ण, कोरली इकडे एकामागून एक प्लांट उभे राहिले. सवलत संपल्यावर नवीन लोक हिमाचलला बद्दीला, मग सिक्कीमला गेले कारण सवलत तिकडे सरकली. पण इथले प्लांट टिकले, कारण अमेरिका-युरोपला माल पाठवायची मान्यता एकदा मिळाली की प्लांट सहज हलवता येत नाही. खाण आणि टुरिझम दोन्ही बसले होते तेव्हा कोविडमध्ये गोव्याला औषधवाल्यांनी सावरलं, आमच्या शिफ्ट एक दिवस थांबल्या नाहीत.

आता नोकरीचं. २०२४ ला दोन कंपन्यांनी गोव्यातल्या प्लांटसाठी महाराष्ट्रात वॉक-इन इंटरव्ह्यू ठेवले म्हणून केवढा गदारोळ झाला आठवत असेल. राग बरोबर आहे. पण आतून काय दिसतं ते सांगतो. कंपनीला फ्रेशर नको असतो, तीन-चार वर्षं काम केलेला पाहिजे, ज्याने बॅच रेकॉर्डवर सही केलीय, ज्याने ऑडिटरसमोर उभं राहून उत्तर दिलंय. एक चुकीची नोंद, एक वेळ खाडाखोड, आणि सगळ्या प्लांटवर बोट येतं. म्हणून बोईसर, अंकलेश्वर, बद्दी इथून तयार माणूस उचलतात. गोव्याचा पोरगा तयार होणार कुठे, तर इथेच ट्रेनी म्हणून, आणि ट्रेनीला देतात १५-१८ हजार, तेही पहिली दोन वर्षं कंत्राटदाराच्या पेरोलवर. त्या पोराला सहा महिन्यांत सरकारी जाहिरात दिसते आणि तो जातो. मग एचआर म्हणतो बघा, लोकल टिकत नाहीत. आणि पोरगा म्हणतो टिकण्यासारखं देता कुठे. दोघंही खरं बोलतात आणि पगार आहे तिथेच राहतो.

अजून एक गोष्ट कोणी लिहित नाही ती म्हणजे बस. सत्तरीची मुलगी वेर्ण्याला सकाळी सात वाजता कशी पोचणार? कंपनीची बस फोंड्याहून, मडगावहून, वास्कोहून सुटते. वाळपईच्या आतल्या गावातून फोंड्यापर्यंत तिला बापाने स्कूटरवर सोडायचं, तेही सेकंड शिफ्टला रात्री बारा वाजता परत घ्यायला यायचं. आमच्या पॅकिंग लाइनवर ज्या मुली सोडून गेल्या त्यातल्या बऱ्याच लग्न ठरलं म्हणून नाही, प्रवास झेपला नाही म्हणून गेल्या. सरकारी कदंबाच्या चार बसा शिफ्टच्या वेळेला जोडल्या तर मला वाटतं एखाद्या रोजगार मेळाव्यापेक्षा जास्त फरक पडेल.

रोखठोक_म्हापसा

सगळं ठीक आहे पण एक खरं बोला ना, गोंयकाराला काम नको आहे. हॉटेलात बघा नेपाळी, ईशान्येचे, बांधकामावर कर्नाटक-बिहारचे, ट्रॉलरवर खलाशी ओडिशा-झारखंडचे, माडावर चढायला माणूस मिळत नाही. आमची पोरं चतुर्थीला आठ दिवस सुट्टी, शिगम्याला सुट्टी, आणि मग म्हणतात नोकरी नाही. बाहेरचा माणूस पोट भरतो तर तुम्ही का नाही.

स्विंडनहून_सावर्डेकर

@रोखठोक_म्हापसा भाई, हे ऐकून ऐकून कान किटले म्हणून लिहितोय. मी इंग्लंडला स्विंडनला गोदामात काम करतो, रात्रपाळी, हिवाळ्यात बाहेर उणे तापमान, खोके उचलायचे, दर तासाला किती उचलले ते मशीन मोजतं. माझ्या शिफ्टला अर्धे गोंयकार आहेत, काणकोणचे, सासष्टीचे, बार्देशचे. आणि आमचे तारवटी तर तुम्हाला माहीतच आहेत, क्रूझवर आठ-नऊ महिने, रोज दहा-बारा तास, रविवार नाही, घरी बाप वारला तरी लगेच येता येत नाही. तोच गोंयकार, तेच हात. बाणावलीच्या हॉटेलात जे ताट तो उचलत नाही तेच ताट जहाजावर उचलतो कारण तिथे उचललेल्या ताटातून घर बांधता येतं. त्याला आळशी म्हणू नका.

बाहेरून आलेला भाऊ एका खोलीत सहा-सहा जण राहून पैसे वाचवतो आणि गावी पाठवतो, तिकडे त्या पैशात घर चालतं. आमच्या पोराला घर इथेच चालवायचंय, इथल्याच मासळीच्या भावाने, इथल्याच जमिनीच्या भावाने. १५ हजारात त्याचं लग्न होत नाही, साधी गोष्ट आहे.

आणि इकडे यायची वाट पण आता बंद होत आलीय हे घरच्यांना सांगा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांचा पोर्तुगालला हक्क, त्यावर मुलं-नातवंडं नोंदणी करून पासपोर्ट काढतात. ब्रेक्झिटच्या आधी त्याच पासपोर्टवर सरळ इंग्लंड. २०२० संपायच्या आत जे आले ते राहिले, आता नवीन पासपोर्टवाल्याला इथे मोकळीक नाही, तो आयर्लंड, जर्मनी नाहीतर पोर्तुगाललाच जातो. आमच्या हिंदू घरांत हे प्रमाण कमीच होतं, पण सासष्टीत अख्खे वाडे रिकामे आहेत. इतकी वर्षं ही जी कमावती पोरं बाहेर जात होती ती बेकारीच्या आकड्यात दिसत नव्हती. ती वाट अरुंद झाल्यावर आकडा वाढणारच.

बांदा_ते_पर्वरी

मी गोंयकार नाय, पत्रादेवीच्या अलीकडचो. सिंधुदुर्गातून रोज किती पोरां गोव्यात कामाला येतात ते सकाळी बांद्याच्या हायवेला उभं राहून बघा, सावंतवाडी, बांदा, शिरोडा, दोडामार्ग, मोटरसायकलींची रांग असते. कोण म्हापशाच्या दुकानात, कोण थिवीच्या इस्टेटीत, कोण कळंगुटच्या हॉटेलात, मी पर्वरीला एका एसी सर्व्हिसवाल्याकडे. आमच्यासाठी गोवा म्हणजे नोकरी, गोवा म्हणजे बांबोळीचं गोमेकॉ हॉस्पिटल, घरातलं माणूस आजारी पडलं की ओरोसच्या जिल्हा हॉस्पिटलनंतर पहिलं नाव बांबोळीचंच येतं. २०१२ ला पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढला तेव्हा तर टाकी भरायला पण आम्ही तिकडेच. काही वर्षांपूर्वी दोडामार्गातून तालुका गोव्यात घ्या अशी मागणी निघाली होती ती काय उगीच नव्हती.

तुम्ही इथे १५ हजाराला कमी म्हणताय आणि तुमचं बरोबर आहे, पण आमच्या गावात तेवढे पण मिळत नाहीत. आडाळीला एमआयडीसीची जागा आहे, रस्ते झाले, कारखाने येतील येतील म्हणून लोकांनी मोर्चे काढले, आंदोलनं केली, पण पोरं अजून गोव्याच्याच वाटेवर. रात्री आठला सुटून पावसात हायवेने घरी येतो तेव्हा अपघात झालेल्या बाईक बघतच येतो. वाड्यात अशी दोन घरं आहेत जिथे कमावता मुलगा त्या रस्त्यावर गेला.

मला एकच म्हणायचंय, मालक लोक आम्हाला तुमच्या पोरांविरुद्ध वापरतात. तू नाय तर बांद्याहून दुसरा येईल असं तुमच्याला सांगतात, आणि आम्हाला सांगतात तुमचा दाखला गोव्याचा नाय, जास्त बोलू नका. पीएफ नाय, इएसआय नाय, हातावर रोख. दोघांना एकाच भावात बांधलंय.



डिचोलीकर

@बांदा_ते_पर्वरी भाऊ, हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. आमच्याकडे "भायले", म्हणजे बाहेरचे म्हणून सगळा राग तुमच्यासारख्यांवर निघतो आणि जो रोखीत पगार देतो तो बाजूला राहतो. माझा प्रश्न तोच होता, पैसा राज्यात येतो पण पगाराच्या पाकिटापर्यंत का पोचत नाही.

पेडणे_होमस्टे

टुरिझमबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून मी. आमचा मांद्र्याला छोटा होमस्टे, चार खोल्या. पूर्वी ऑक्टोबर ते मार्च परदेशी टुरिस्टांची चार्टर विमानं यायची, रशियन आणि इंग्रज, महिना-महिना राहायचे, गावातल्या खोल्या, गावातली मासळी, गावातली बाईक. २०१९ ला ती इंग्लंडची थॉमस कूक टुरिस्ट कंपनी बुडाली, मग कोविड, मग युक्रेनचं युद्ध. आता जे येतात ते दोन रात्रींसाठी, शुक्रवारी आले रविवारी गेले, विमानतळाहून टॅक्सी, मोठ्या क्लबला रात्र, परत. संख्या सरकार सांगतं ती वाढलेली आहे, मला ते नाकारायचं नाही, पण गावात उतरणारा पैसा तेवढा नाही.

मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, आमच्या वाड्यावरच्या काही पोरांना काम पण मिळालं, मिळालं ते चांगलंच झालं. बहुतेक लोडिंग, हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, कंत्राटदारामार्फत. पण विमानतळापेक्षा मोठा बदल जमिनीत झाला. दिल्लीवाले व्हिला घेतात, वर्षातले पंधरा दिवस येतात, एक माळी एक मोलकरीण, संपलं. जमीन विकणाऱ्याला एकदा एक कोटी मिळाले, त्याने गाडी घेतली, मोठं घर बांधलं, आणि त्याचा पोरगा त्याच व्हिलाचा केअरटेकर. हे मी नावानिशी बघतोय, नाव लिहिणार नाही. राज्याच्या उत्पन्नात तो व्यवहार शोभून दिसतो, स्टॅम्प ड्युटी पण येते, पण त्यातून दरमहा पगार कोणाला?

आणि हॉटेल-क्लबच्या कामाची पत काय आहे ते २०२५ च्या डिसेंबरात हडफड्याला दिसलं. नाईट क्लबला आग लागली, २५ जण गेले, त्यात बहुतेक किचनमधले आणि इतर स्टाफ, उत्तराखंड, झारखंड, आसाम, नेपाळ कुठकुठली पोरं. पोटापाण्यासाठी इतक्या लांबून आलेली. ज्या धंद्यात कामगाराला बाहेर पडायची वाट ठेवत नाहीत त्या धंद्यात आमचा मुलगा का गेला नाही असं विचारण्याआधी थोडं थांबा. ती पोरं पण कोणाची तरी होती हो.

निवृत्त_बँकवाला

बराच वेळ वाचतोय. बँकेत असताना खाणपट्ट्यातल्या टिपरच्या कर्जांच्या फाइली मी हाताळल्यात, त्यामुळे डिचोलीकरांचं पहिलं पोस्ट वाचून गप्प बसवेना. आम्ही बँकवाल्यांनी तेव्हा एका घराला दोन-दोन गाड्यांची कर्जं दिली, कारण हप्ता वेळेवर येत होता. माल घेणारा देश एक, खाण बंद झाली तर दुसरं उत्पन्न शून्य, हे कागदावर कुठेच विचारलं जात नव्हतं.

आता राज्याच्या तब्येतीबद्दल. राज्य श्रीमंत आहे, सरकारचे हात मात्र बांधलेले आहेत, या दोन वेगळ्या गोष्टी. सरकारच्या खर्चातला मोठा वाटा पगार, पेन्शन आणि कर्जावरचं व्याज. गोव्यात वीज जवळजवळ सगळी बाहेरून विकत येते. त्यावर योजना, दयानंद सामाजिक सुरक्षेचे महिना २ हजार, गृह आधारचे दीड हजार, लाडली लक्ष्मीचे मुलीला एकदाच १ लाख. मी या योजनांच्या विरोधात अजिबात नाही, माझ्या शेजारणीचं औषध दयानंदच्या पैशातून येतं. पण खाणीची रॉयल्टी गेली, जीएसटीची भरपाई २०२२ च्या जूनमध्ये संपली, आणि खर्च तसाच राहिला. मग सरकार काय करतं, तर कर्ज काढतं आणि वर पुन्हा नोकरभरती जाहीर करतं. सरकारच्याच मनुष्यबळ विकास महामंडळातून सुरक्षारक्षक, सफाई कामगार भरले जातात ते पण त्याच कारणाने, बेकारी दिसायला नको म्हणून. भरती हीच इथली रोजगार योजना झालीय, आणि तिला मर्यादा आहे, साडेचौदा-पंधरा लाखांच्या राज्यात सचिवालय किती फुगवणार.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे आणि तिच्याबद्दल गावात कोणालाच माहिती नसते. २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विकलेल्या खनिजाच्या रकमेतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायचे, पुढच्या पिढ्यांसाठी. खनिज एकदा गेलं की परत येत नाही, म्हणून त्याचं मुद्दल खायचं नाही असा विचार त्यामागे आहे. दुसरा आहे जिल्हा खनिज निधी, तो खाणबाधित गावांसाठीच असतो. शिफ्ट_जनरल यांनी बसचं लिहिलं ना, डिचोली-सत्तरीच्या मुलींची शिफ्टची बस, आयटीआयमध्ये चांगली मशीन, टिपर चालवणाऱ्या माणसांना एक्स्कॅव्हेटर-क्रेनचं प्रमाणपत्र, हे या जिल्हा निधीतून मागता येतं. पण ते ग्रामसभेत ठराव करून मागावं लागतं, आणि आमच्या ग्रामसभांत रस्ता आणि गटार यापुढे विषय जात नाही.

रोखठोक_म्हापसा

ठीक आहे, जहाजावरचा मुद्दा मान्य. पण मग कारखाने येऊ द्या ना. नायलॉन ६,६ चा कारखाना केरीला येत होता, ९५ साली आंदोलन करून घालवला. सेझ, म्हणजे सवलतीची औद्योगिक क्षेत्रं आली, ती २००७ च्या शेवटी रद्द करायला लावले. आयआयटीला मेळावलीत जागा दिली, तिथे पण आंदोलन, अजून आयआयटी फर्मागुडीच्या दुसऱ्याच्या कॅम्पसमध्ये. प्रत्येक गोष्टीला नको म्हणायचं आणि नोकरी पाहिजे, हे कसं जमणार.

फोंड्याची_सुलभा

@रोखठोक_म्हापसा केरीच्या आंदोलनात आमच्या गावाजवळचा तरुण पोरगा पोलिसांच्या गोळीने गेला, त्यामुळे "घालवला" असं सहज नाही म्हणता येत. लोकांनी कारखान्याला नाही, पाण्याच्या आणि जमिनीच्या भीतीने विरोध केला. याच फोंडा तालुक्यात उसगावला टायरचा कारखाना किती वर्षं चालू आहे, कुंडईची इस्टेट भरलेली आहे, तिथे कोणी मोर्चे नेले? मेळावलीच्या लोकांना आपल्या काजूच्या बागा जाणार हे दिसत होतं आणि आयआयटीत आपल्या पोराला जागा मिळेल असं कोणी सांगितलं नव्हतं. आधी विचारलं असतं, बसून बोललं असतं, तर वेगळं झालं असतं असं मला मनापासून वाटतं. एवढ्याशा राज्यात जमीन हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे, एकदा गेली की बापजाद्यांचं सगळं गेलं.

डिचोलीकर

@निवृत्त_बँकवाला काका, जिल्हा खनिज निधीबद्दल अजून लिहाल का? ठराव कोणाच्या नावाने, मामलेदाराकडे की जिल्हाधिकाऱ्याकडे? आमच्या वाड्यात अशी बरीच पोरं आहेत जी दहा वर्षं टिपर चालवून आता डिलिव्हरी करतायत, त्यांना क्रेन-एक्स्कॅव्हेटरचं प्रशिक्षण मिळालं तर ब्लॉकवरच काम मागता येईल. लिलाव घेतलेल्या कंपनीने जुन्या कामगारांना आधी घ्यावं म्हणून आमच्या भागात लोकांनी वाहतूक पण अडवली, पण नुसती वाहतूक अडवून किती दिवस. हातात कागद पाहिजे की आमच्याकडे हे शिकलेले इतके लोक आहेत.

निवृत्त_बँकवाला

हा निधी सांभाळणारं जिल्हा खनिज प्रतिष्ठान जिल्ह्याचं असतं, त्यामुळे ठराव पंचायतीमार्फत जिल्हाधिकारी कार्यालयाला, तुमच्यासाठी उत्तर गोवा, पणजी. ठरावात नुसतं "रोजगार द्या" लिहू नका, ते कोणीच वाचत नाही. किती जण, वय काय, लायसन कुठलं, कुठल्या आयटीआयमध्ये कुठला कोर्स पाहिजे, असं लिहा आणि यादी जोडा. पोच घ्या. महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारा की निधीत किती जमा आणि आमच्या पंचायतीवर किती खर्च. मसुदा पाहिजे असेल तर मी लिहून देतो, मला व्यनि करा.

फोंड्याची_सुलभा

@शिफ्ट_जनरल दादा, एक विचारायचं होतं. मुलगी परीक्षा देतेच आहे, पण तोपर्यंत घरी बसवून ठेवायचं नाही असं आता मलाही वाटतंय. बीएस्सी केमिस्ट्रीवर तुमच्याकडे कुठे बघावं, आणि आधी काय शिकवावं?

शिफ्ट_जनरल

ताई, केमिस्ट्री असेल तर प्रॉडक्शनपेक्षा क्यूसी बघा, म्हणजे मालाची प्रत तपासायचं लॅबचं काम. एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक तपासायचं मशीन हाताळता येणारी मुलगी असेल तर एचआर स्वतः फोन करतो, त्याचे छोटे कोर्स असतात, पण पैसे भरायच्या आधी विचारा की मशीनवर हाताने करायला देतात की नुसतं स्लाइडवर दाखवतात. इंटरव्ह्यूला जाताना दोन गोष्टी स्पष्ट विचारायच्या, लाजायचं नाही: नेमणूकपत्र कंपनीचं की कंत्राटदाराचं, आणि फोंड्याची बस कुठल्या शिफ्टला आहे. कुंडईला पण दोन-चार चांगल्या लॅब आहेत, तुम्हाला ते वेर्ण्यापेक्षा जवळ. पगार पहिल्या वर्षी कमीच असेल हे धरून चाला, पण दोन वर्षं सलग झाली आणि एका मोठ्या ऑडिटला ती हजर असली की पुढची उडी मोठी असते, माझ्या लाइनवरच्या कुडचड्याच्या मुलीचा पगार तिसऱ्या वर्षी दुसरीकडे जाऊन दुप्पट झाला. आणि आयोगाचे फॉर्म भरत राहू दे, अभ्यास चालू असला म्हणून लॅबमध्ये कोणी हरकत घेत नाही, आमच्याकडे रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत निम्मी मुलं तेच पुस्तक वाचत असतात.